वरच्या ओळीतली मराठी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायचो. बाईंच्या हाताखालून गेलेली पोरं काही वर्षांनी माझ्या वर्गात येऊन बसायची. एकदा बाजाराच्या दिवशी बाई भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "सर, माझ्याकडं ही पोरं एवढी बडबड करतात, तुमच्या तासाला मुकी का होतात?" मला तो प्रश्न बोचला. इंग्रजी अवघड असतं, घरी वातावरण नसतं, असं काहीबाही सांगून मी पुढे निघालो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर सापडायला मला पुढची पंधरा वर्षं लागली. आज ते ऐकायला बाई नाहीत. तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझ्या हातात हे आठवीचं इंग्रजीचं जुनं पाठ्यपुस्तक आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून वर्णन करतो. पान मधोमध दुमडलेलं, कोपरे तेलकट. आणि छापलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी लिहिलेलं. 'द', 'फार्मर', 'वेंट', 'टु', 'हिज', 'फील्ड'. दोन ओळींमधली जागा इतकी अरुंद, की मात्रा वरच्या ओळीच्या पायात अडकल्यात. मराठी माध्यमात शिकलेल्या, शिकवलेल्या प्रत्येकाने असं पुस्तक पाहिलंय. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते स्वतः लिहिलंय.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी बाकांच्या मधून खोडरबर घेऊन फिरायचो. इंग्रजीच्या तासाला मराठी नाही, असा माझा नियम होता, आणि ही वरची ओळ मला चोरी वाटायची. एका मुलाला मी सगळं पान पुसायला लावलं आणि मग वाचायला उभं केलं. तो उभा राहिला. बराच वेळ राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, आता कसं वाचू?" मी म्हणालो, "खाली बस."

हीच तक्रार घेऊन मी एकदा बाईंकडे गेलो होतो. पोरं वर मराठी लिहितात, ही सवय खालच्या वर्गात लागलेली दिसते, असं मी म्हणालो. बाईंनी शांतपणे विचारलं, "काय लिहितात ते वाचलंत का तुम्ही?"

मी वाचलं नव्हतं. नुसतं पुसत होतो.

मग मी वाचायला लागलो. एका मुलाने 'लिसन'च्या डोक्यावर 'लिस्टन' लिहिलेलं. त्याच्याच शेजारच्याने 'सेड' अगदी बरोबर लिहिलेलं, तर तिसऱ्याने 'वॉक्ट'वर 'वॉकेड'. एकीने 'नाईफ'वर 'क्नाईफ'. या चार शब्दांत मला पहिल्यांदा दिसलं, की कोण ऐकून लिहितं आणि कोण अक्षरं जुळवून लिहितं. 'सेड' लिहिणाऱ्याने तो शब्द माझ्या तोंडून ऐकलाय, कारण त्यातल्या अक्षरांवरून तो उच्चार निघतच नाही. 'वॉकेड' लिहिणारा एकटाच झगडतोय. त्याने अक्षर नि अक्षर पाहिलंय, नियम लावलाय, फक्त तिथे तो नियम चालत नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. 'क्नाईफ'वाली तर इतिहासाच्या बाजूने बरोबर होती. काही शतकांपूर्वी इंग्रज माणूस त्या शब्दातला 'के' उच्चारायचाच. डॉक्टर जशी नाडी पाहतात तशी ती पेन्सिलीची ओळ मला पाहता आली असती. मी तीच पुसून टाकत होतो.

आणि ती ओळ लिहिणं हे साधं काम नव्हे. परकी ध्वनिमाला ऐकायची, तिचे तुकडे करायचे, आणि आपल्याकडच्या चिन्हांत ते बसवायचे. आपल्या लिपीने यासाठी नवी चिन्हंही घेतली. 'कॅट'वरचा तो चंद्र आणि 'डॉक्टर'मधला तो ऑ आपल्या जुन्या वर्णमालेत नव्हते. इंग्रजीचे स्वर बसेनात, म्हणून आपण ते जोडून घेतले. जे काम सबंध मराठीने एकोणिसाव्या-विसाव्या शतकात केलं, तेच काम आठवीतलं पोर घरी चिमणीच्या उजेडात करत होतं. त्याला मी चोरी म्हणत होतो.

आता थोडं मागे जातो. महाराष्ट्रात इंग्रजीच्या शिक्षणावर जेवढा वाद झाला, तेवढा फार थोड्या विषयांवर झाला असेल. पण तो वाद नीट पाहिला तर तो जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नावर आहे: इंग्रजी कधीपासून? स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई राज्यात ते आठवीपासून होतं. माझ्या थोरल्या चुलत्यांना इंग्रजी मिसरूड फुटल्यावर भेटलं. मग ते पाचवीवर आलं, माझी पिढी त्यातली. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झालं. त्या निर्णयामागची तळमळ मला मान्य आहे. श्रीमंताच्या पोराला जे पहिलीत मिळतं ते गरिबाच्या पोराला पाचवीपर्यंत का नाकारायचं, या प्रश्नाला उत्तर नाही. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आला, गदारोळ झाला, आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. तेव्हाही चर्चा 'कधीपासून' याचीच. पण सहा वर्षांचं मूल एक लिपी शिकत असताना त्याला दुसरी लिपी वाचायला कशी शिकवायची, वर्गातल्या बाईंच्या हातात त्या दिवशी काय असायला हवं, पहिल्या महिन्यात काय आणि सहाव्या महिन्यात काय, ही 'कसं'ची चर्चा वर्तमानपत्रांत मी क्वचितच वाचली.

जुन्या लोकांनी मात्र 'कसं'चा विचार केला होता. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, ते दोन रकान्यांत, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. मला त्या पानाचं फार अप्रूप आहे. वाचणाऱ्याचा डोळा एका रकान्यात अडला, की दुसऱ्यात जाऊन अर्थ घेऊन परत येऊ शकतो. कोणी कोणाला पुसत नाही. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 सालचा. त्यात इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे, आणि ती मराठीत आहे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यातले दोष मला माहीत आहेत. त्यातून शिकलेला माणूस पत्र सुरेख लिहायचा आणि साहेबासमोर उभा राहिला की अडखळायचा. तरी तिची एक गोष्ट पक्की होती: मुलाला मराठी येते, हे तिने गृहीत धरलं होतं आणि त्याच पायावर ती उभी होती. नंतर थेट पद्धत आली, रचना पद्धत आली, 'धिस इज अ पेन' म्हणून पेन वर धरणं आलं, आणि वर्गातून मराठी हद्दपार झाली. मी त्या काळातला शिक्षक. खोडरबर माझ्या हातात तिथूनच आलं.

आता वाचन म्हणजे काय, याकडे येतो. एक छोटा प्रयोग करू. दोन वाक्यं वाचतो, नीट ऐका.

"काल सांजेला एक टिंबळा झोरा गुडमीवर भिरकटला. त्याने तिथल्या सगळ्या पोळंब्या चुटकल्या."

टिंबळा झोरा कशावर भिरकटला? ... बरोबर, गुडमीवर. पोळंब्या कोणी चुटकल्या? ... शाब्बास. "टिंबळ्या झोऱ्याने." तुम्ही सामान्यरूपसुद्धा बिनचूक केलंत. पूर्ण वाक्यात उत्तर लिहिलं असतंत तर दोन्ही गुण मिळाले असते. आता सांगा, काल सांजेला काय झालं?

या वाक्यांतला एकही महत्त्वाचा शब्द खरा नाही. आपल्याकडे इंग्रजीच्या उताऱ्यावरचे प्रश्न वर्षानुवर्षं असेच सुटतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उतरवायची, 'हू' काढून नाव घालायचं. मूल पास होतं. निकाल चांगला लागतो. माझ्या शाळेचा लागायचा, माझा सत्कारही झाला होता.

पण एका उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात काय झालं ते सांगतो. नववीतल्या एका मुलाचे वडील फवारणीचं औषध घेऊन आले होते. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत आणि हिंदीत; हिंदीचा भाग ओघळलेल्या औषधाने पुसलेला. खाली लाल त्रिकोण. आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटलीवर विषारीपणाप्रमाणे रंगीत त्रिकोण असतो आणि लाल हा सगळ्यात जहाल. मी सहज त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. वडील कौतुकाने मुलाला म्हणाले, "सरांम्होरं वाचून दाखव." मुलाने तो बारीक मजकूर घडाघडा वाचला. उच्चार स्वच्छ. वडिलांचं तोंड अभिमानाने उजळलं. मी विचारलं, "काय लिहिलंय रे?" तो म्हणाला, "ते नाय सर कळत." त्याला इंग्रजी वाचायला मीच शिकवलं होतं. मी तिथे बसून त्या दोघांना हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा असं सगळं मराठीत समजावून सांगितलं आणि घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि ती भाषा ऐकून समजणं, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचन. त्यांनी बेरीज म्हटलं नाही. गुणाकारात एक बाजू शून्य असली, की दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्य येतं. त्या मुलाची पहिली बाजू जवळजवळ पूर्ण होती. दुसरीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. याच्या उलटही असतं. टीव्ही ऐकून, क्रिकेटचं समालोचन ऐकून इंग्रजी समजणारं पोर पुस्तक उघडलं की थिजतं. दोघांनाही आपण एकच नाव देतो: इंग्रजीत कच्चा. औषध मात्र वेगवेगळं लागतं.

पहिल्या बाजूबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्या मुलांना तिथेच 'ढ'चा शिक्का बसतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या 13 भाषांतली मुलं शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर किती वाचतात, हे त्यांनी पाहिलं. फिनिश, ग्रीक, स्पॅनिश मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ सगळे बरोबर वाचत होती. इंग्रजीत शिकणारी मुलं तीनातला एक. लक्षात घ्या, ही मुलं इंग्रजीच बोलणारी, घरी-दारी इंग्रजीच ऐकणारी होती. मग माणदेशातल्या पोराला दोन महिन्यांत वाचता आलं नाही, तर दोष पोराचा म्हणायचा का? त्या लिपीत 26 अक्षरं आहेत आणि त्यांना चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी पेलायचे आहेत. कॅक्सटनने 1476 साली इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, आणि लोकांचे उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. काही ठिकाणी तर पंडितांनी नसलेली अक्षरं घुसवली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द घ्या. त्यातला 'बी' कोणी कधी उच्चारत नव्हतं, लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून तो नंतर बसवला. मी ही गोष्ट वर्गात सांगायला लागलो, तेव्हा मुलांचे चेहरे सैल झाले. चूक आपली नाही, त्या शब्दाच्याच अंगात ती जुनी खोड आहे, हे कळलं की मूल त्या शब्दाशी भांडत नाही, त्याची ओळख करून घेतं.

मराठी मुलाकडे इथे एक भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही. आपण म्हणतो, मराठी जशी लिहितात तशीच बोलतात, इंग्रजीचं तसं नाही. पहिलं अर्धं खरं नाही. फळ्यावर 'चार' आणि 'चारा' लिहा आणि मोठ्याने म्हणायला लावा. च एकच, ध्वनी दोन. 'जीव' आणि 'जवळ' म्हणा. पुन्हा तेच. मुलं चकित होतात, कारण जन्मापासून ती हे बिनचूक करत आलीत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. मग चिमणी, चेंडू एका बाजूला लिहा आणि चाक, चूल, चोर दुसऱ्या बाजूला. एखादं पोर ओरडतं, "सर, इ आणि ए आलं की च बदलतोय!" 'चार', 'चहा' असे अपवाद निघतात आणि तेही मुलंच शोधतात. आता इंग्रजीचा 'सी' काढा. 'कॅट', 'कप', 'कोट' एकीकडे आणि 'सिटी', 'सेंट', 'सायकल' दुसरीकडे. पुढे ए, ओ, यू आले की 'क', ई, आय, वाय आले की 'स'. मुलांना हा नियम पाठ करावा लागत नाही, तो त्यांच्या जिभेवर आधीच वेगळ्या रूपात बसलेला असतो. जीभ जिथे वळते तिथे दोन्ही भाषांत व्यंजन वळलं. एवढा एक तास जरी नीट झाला, तरी वर्षभर मूल इंग्रजी अक्षराकडे शत्रू म्हणून पाहत नाही.

तसंच मुक्या अक्षरांचं. आपण 'घर' लिहितो, 'र' पूर्ण लिहितो आणि बोलताना अर्धा बोलतो. 'करवत' लिहितो आणि 'कर्-वत्' म्हणतो. न बोललेला स्वर लिहिलेला असतो, हे मराठी मुलाला परकं नाही. 'केक', 'नेम', 'बाईक' यांच्या शेवटच्या 'ई'बद्दल मी सांगायचो: तो स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो. ए असेल तर ए म्हणवतो, आय असेल तर आय. वर्गात एकाला 'ई' करून शेवटी उभं करायचो, त्याने फक्त मागच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

एक सावधगिरी. आपल्याकडे बऱ्याच शाळांत 'इंग्रजी बाराखडी' शिकवतात. क, का, कि, की यांची इंग्रजी अक्षरं पाठ करून घेतात. मुलाला स्वतःचं नाव, गावाचं नाव लिहिता येतं, ती मोठी गोष्ट आहे. बसच्या पाटीवरचं 'दहिवडी' वाचता येतं. पण तिथेच थांबलं, तर मूल 'कार'मध्ये दोन 'ए' घालतं, आणि आपण त्याच्यावर लाल शाई ओततो. ही बाराखडी आपली नावं लिहायची, इंग्रजी शब्दांची नव्हे, एवढं एक वाक्य तिथे सांगायचं राहून जातं.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मराठी वाचन पक्कं असणं. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास मांडलं, की एका भाषेत कमावलेली वाचनाची, विचाराची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते. गोष्टीचा मध्य कुठे आहे, लेखक कुणाच्या बाजूने बोलतोय, पुढे काय होणार, हे मराठीत ओळखायला शिकलेलं मूल इंग्रजीत ते पुन्हा शिकत नाही. त्याला फक्त शब्द हवे असतात. उलट मराठी परिच्छेद न वाचता येणाऱ्या मुलाला इंग्रजी अक्षरओळख करून देणं म्हणजे पाया न भरता माळा चढवणं. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी 2005 पासून गावोगाव हेच मोजत आली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे तिने पुन्हा पुन्हा दाखवलं. यावर आपल्याच राज्यात काम झालंय. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने, पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' संस्थेने मराठी वाचन शिकवण्याचा गंभीर अभ्यास केला. सबंध मुळाक्षरं ओळीने घोकून न घेता थोडी अक्षरं आणि मात्रा एकत्र घ्यायच्या, त्यांतून लगेच खरे शब्द, खरी वाक्यं वाचायची. मूल दुसऱ्या आठवड्यातच काहीतरी अर्थाचं वाचतं. मॅक्सिनबाई मूळच्या अमेरिकन, इंग्रजी त्यांची मातृभाषा. आणि फलटणच्या पोरांसाठी त्यांनी आयुष्य घातलं ते मराठी शाळेत. याचा मी बरेच दिवस विचार करत बसलो आहे.

सेमी-इंग्रजीविषयी पालक विचारतात, म्हणून एवढंच सांगतो: गणित आणि विज्ञान इंग्रजीत घेतल्याने इंग्रजी वाचन आपोआप येत नाही. वाचन शिकवावं लागतं, त्यासाठी वेगळा तास आणि वेगळी तयारी लागते.

आता लेखन. यात मी सगळ्यात जास्त चुकलो आणि सगळ्यात जास्त शिकलो.

आपल्याकडे इंग्रजी लेखन म्हणजे चाररेघी वही, सुवाच्य अक्षर, फळ्यावरून उतरवणं, आणि पुढे 'माय मदर', 'माय स्कूल', 'द काऊ' हे निबंध पाठ करणं. शंभर मुलांच्या शंभर आया एकाच वाक्यात पहाटे लवकर उठतात. मी ते तपासायचो आणि गुण द्यायचो. एका वर्षी मी ठरवलं, रोज प्रत्येक मूल एक पान लिहील, हवं ते, येईल तसं, आणि मी त्याची चूक काढणार नाही, फक्त उत्तर लिहीन. वहीचे दोन रकाने पाडायला सांगितले. 'दर्पण'चं पान माझ्या डोक्यात होतं. डाव्या बाजूला मराठीत लिहा, उजवीकडे जेवढं जमेल तेवढं इंग्रजीत. मराठी शब्द आला तर येऊ द्या.

सातवीतल्या एका मुलीने लिहिलं. मी ते इथे देवनागरीत वाचतो, कारण तुम्हाला ऐकू यायला हवं. "माय शेळी नेम चिंगी. शी इज ब्लॅक. यस्टरडे नाईट शी गिव्ह टू करडू. वन करडू इज नॉट स्टँड. माय आजी गिव्ह हॉट वॉटर. नाऊ स्टँड."

यात किती चुका आहेत ते तुम्हाला कळलंय. मला पहिल्यांदाच एका मुलाच्या इंग्रजीतून रात्र दिसली. कंदील, गोठा, गरम पाण्याचं भांडं घेतलेली आजी, आणि थरथरत उभं राहणारं करडू. 'नाऊ स्टँड' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील. पाठ केलेल्या कुठल्याच निबंधात असं वाक्य येत नाही.

मी लाल पेन ठेवलं आणि तिच्या ओळीखाली निळ्या शाईने, तिला वाचता येईल अशा इंग्रजीत लिहिलं. त्याचा अर्थ असा: चिंगीला काल रात्री दोन करडं झाली! दुसरं उभं राहिलं, बरं वाटलं. त्याचं नाव काय ठेवलं? करडाला मी 'किड' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलापाशी आली. "सर, किड म्हंजी बारकं पोर ना? आमच्या टीव्हीवर असतंय." मी म्हणालो, "आधी करडू, पोर नंतर. इंग्रज लोकांनी पोरांना करडाचं नाव दिलं." ती हसली नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग त्यांच्यात पण शेळ्या होत्या." आणि जाऊन बसली.

पुढच्या पानावर तिने 'हॅज टू किड्स' बरोबर लिहिलं. मी ते दुरुस्त केलं नव्हतं. मी फक्त तसं लिहून दाखवलं होतं आणि तिने ते उचललं, कारण तिला ते सांगायचं होतं. 'गिव्ह' कित्येक महिने 'गिव्ह'च राहिलं. मी धीर धरला. व्याकरणाचा तास वेगळा घेत होतोच. भूतकाळ तिथे शिकवला. पण वहीत ती काय सांगतेय, याला उत्तर देणं हे माझं काम होतं. सगळ्यांच्या वह्या अशा नव्हत्या. काहींनी वर्षभर गाईडमधले निबंधच उतरवले. एका मुलाने सहा महिने फक्त क्रिकेटचे धावफलक लिहिले. मी त्यावरही प्रश्न लिहीत राहिलो. सातव्या महिन्यात त्याने एका ओळीत लिहिलं, की त्याचा भाऊ पुण्याला गेला आणि आता त्याच्याबरोबर खेळायला कोणी नाही.

शिक्षकमित्रांनो, हे काम वेळ खातं. साठ मुलांच्या वर्गात रोज सगळ्यांच्या वह्या होत नाहीत. मी दिवसाला चार-पाच बघायचो, मधल्या सुट्टीत आणि एसटीची वाट बघताना. बारा-पंधरा दिवसांनी एका मुलाची पाळी यायची. तेवढंही पुरलं. ज्यांच्याकडे अभ्यासक्रम पुरा करायचा धोशा आहे त्यांना मी उपदेश करत नाही. तासातली शेवटची दहा मिनिटं मागतो.

त्या वरच्या ओळीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. खोडरबर मी फेकलं नाही, मुलांच्या हातात दिलं. धडा शिकवून झाला, दोन-तीनदा सगळ्यांनी मिळून वाचला, की मी म्हणायचो, "आता तुला ज्यांची गरज नाही वाटत, ते शब्द तूच पूस." कोणी दोन पुसायचं, कोणी दहा. नाही पुसलं तरी मी काही म्हणायचो नाही. पुसलेला शब्द दुसऱ्या दिवशी अडला, तर पुन्हा लिहायला मोकळीक होती.

हे जे पुस्तक मी आणलंय ते त्या शेळीवाल्या मुलीचं. दहावीनंतर तिने ते मला दिलं. पहिल्या धड्यावर एकही शब्द मोकळा नाही, छापील इंग्रजी मराठीच्या पेन्सिलीखाली झाकून गेलंय. पाचव्या धड्यावर मधूनमधून उघडे शब्द दिसायला लागतात. सातव्यात सबंध वाक्यं उघडी आहेत. शेवटच्या धड्यावर तीनच शब्दांवर पेन्सिल आहे. त्यांतल्या एकावर, 'इनफ'वर, तिने आधी 'एनौघ' लिहिलंय, ते खोडलंय, शेजारी 'इनफ' लिहिलंय, आणि मग तेही खोडलंय.